सरखेल कान्होजी आंग्रे

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर समुद्रात कुलाब्याचा किल्ला दिसतो. ओहोटी पुरी झाली की किल्ल्यापर्यंतची वाट उघडी पडते आणि माणसे ओल्या वाळूतून व खडकांवरून पायी चालत किल्ल्याच्या दरवाजाशी पोहोचतात. काही तासांनी भरती चढते, वाट पाण्याखाली जाते आणि तोच किल्ला बेट होऊन बसतो. समुद्राचा हा क्रम दिवसातून दोनदा चालतो. हा क्रम ओळखून ज्यांनी आपल्या हालचाली आखल्या आणि परकीयांच्या बलाढ्य आरमारांना सुमारे तीस वर्षे दाद दिली नाही, त्या दर्यावर्दी पुरुषाचे नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. त्यामुळे कान्होजींचे बालपण कोकणच्या किनाऱ्यावर गेले. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गास जंजिऱ्याच्या सिद्दीने वेढा दिला, तेव्हा खुद्द किल्लेदारच शत्रूस फितूर झाला होता. तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला लढवला आणि वाचवला, असे सांगतात.

कोळी आणि भंडारी खलाशांच्या संगतीत वाढणाऱ्या मुलाला समुद्र हीच शाळा होती. या शाळेतील पहिला धडा भरती-ओहोटीचा. अमावास्येला व पौर्णिमेला या किनाऱ्यावर मध्यान्हीच्या व मध्यरात्रीच्या सुमारास भरती येते. पुढे ती दररोज सुमारे पाऊण तास उशिरा येत जाते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यांना घड्याळाची गरज पडत नसे, चंद्र पाहिला की पुरे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि मुंबई-अलिबागच्या बाजूस पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि फारसे उतरतही नाही.

दुसरा धडा वाऱ्याचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असे. त्या काळात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवीत किंवा खाड्यांत सुरक्षित नांगरून ठेवीत. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा शिडे उभारली जात. उघडिपीच्या दिवसांत रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो. पहाटेच्या वाऱ्याने बाहेर पडावे आणि दुपारच्या वाऱ्याने परत फिरावे, ही किनाऱ्याने प्रवास करण्याची साधी रीत होती. मात्र खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा असतो. तो ओलांडण्याइतके पाणी कोणत्या घटकेस मिळेल, हे ठाऊक नसेल तर अनुकूल वाऱ्याचाही उपयोग होत नसे.

इ. स. १६९८ च्या सुमारास कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख झाले. इंग्रजांची लढाऊ जहाजे आकाराने मोठी होती. त्यांवर तोफाही अधिक होत्या. तशी जहाजे बांधण्याचा हट्ट कान्होजींनी धरला नाही. त्यांची मुख्य भिस्त गुराबा व गलबते यांच्यावर होती. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि नाळेवर पुढे मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत लहान असून ते चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चाले. ही जहाजे उथळ पाण्यातही सहज फिरत. ती खाडीत दबा धरून राहत आणि संधी साधून अचानक बाहेर पडत. वारा पडला म्हणजे शत्रूचे अवजड जहाज जागच्या जागी खिळून राही. त्या वेळी गलबते दोर लावून गुराबांना ओढीत नेत आणि शत्रूच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा थोड्या, तेथून मारा सुरू होई. प्रसंग बिकट दिसला तर सारा काफिला पुन्हा खाडीत शिरे. खोल बुडणाऱ्या जहाजांना तेथवर पाठलाग करता येत नसे.

त्या काळी कोकणकिनाऱ्यावर जहाजांची मोठी वर्दळ असे. सुरत, मुंबई, चौल, गोवा आणि मलबार यांच्यामध्ये मालाने भरलेली जहाजे सारखी ये-जा करीत. मुंबई बंदराच्या दक्षिणेस थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी हे लहानसे बेट आहे. तेथील मराठ्यांच्या ठाण्यातून बंदरात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या जहाजांवर नजर ठेवता येई. या समुद्रातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपले दस्तक, म्हणजे परवाना, घेतला पाहिजे, असा कान्होजींचा दंडक होता. दस्तक नसलेले जहाज पकडले जाई. पोर्तुगीजांनी यापूर्वी दीर्घकाळ असेच परवाने इतरांवर लादले होते. परंतु या भूमीच्या सरखेलाने तोच अधिकार सांगताच त्याला चाचा म्हणून हिणवण्यात आले. खरा प्रश्न किनाऱ्यावरील समुद्राचा धनी कोण, हा होता.

इ. स. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचे सशस्त्र जहाज पकडले. थोड्याच काळात बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी छत्रपती शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले. पुढे इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर व १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. दोन्ही वेळा त्यांना हात हलवीत परतावे लागले. १७२० मध्ये सपाट तळाचा तरंगता तोफखाना घेऊन ते पुन्हा विजयदुर्गापुढे आले, तरीही किल्ला पडला नाही.

अखेर १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र आले आणि त्यांनी कुलाब्यावर चाल केली. समुद्रात लढाऊ जहाजे आणि जमिनीवर फौज, असा दुहेरी वेढा होता. प्रसंग फार कठीण होता. समुद्राच्या बाजूचा भरवसा कान्होजींना होता, परंतु जमिनीकडील बाजू एकट्या आरमाराने राखण्यासारखी नव्हती. अशा वेळी शाहू महाराजांच्या आज्ञेवरून पेशवे बाजीराव घोडदळासह धावून आले. मराठी स्वारांच्या माऱ्यापुढे पोर्तुगीजांचा धीर सुटला आणि त्यांनी तह केला. एकटे पडलेले इंग्रजही निघून गेले. घोडदळ आणि आरमार एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून कुलाबा वाचला.

दिनांक ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. तोवर या आरमाराचा पराभव कोणासही करता आला नव्हता. पुढे मात्र घरात फूट पडली. त्यांच्या पुत्रांत वितुष्ट आले आणि पेशवे व आंग्रे यांच्यातही वैर वाढले. १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्याच साहाय्याने विजयदुर्ग घेतला. त्या वेळी आंग्ऱ्यांचे आरमार आगीत भस्म झाले. भरती-ओहोटी पूर्वीप्रमाणेच होत होती आणि खाड्याही त्याच होत्या. खलाशांचे कसबही उणे झाले नव्हते. नाहीशी झाली होती ती एकी.

कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या एका तळास आंग्रे हे नाव दिले. समुद्र कोणाचीही आज्ञा ऐकत नाही. त्याची वेळ ओळखून जो आपली तयारी ठेवतो, त्यालाच तो वाट देतो. कान्होजींनी आयुष्यभर ही वेळ ओळखली, आणि म्हणूनच अफाट समुद्रावर त्यांच्या नावाचा दरारा निर्माण झाला.