प्रकाशाचा डॉक्टर : नील्स फिन्सेन



मूल स्वभावाने चांगले, पण बुद्धी आणि उत्साह बेताचाच, असा शेरा लिहिताना आपला हात क्षणभर थांबतो का? असाच शेरा एका मुलाला मिळाला होता. पुढे त्यालाच वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याची गोष्ट आज पाहूया.

नील्स फिन्सेन यांचा जन्म 15 डिसेंबर 1860 रोजी फेरो बेटांवर झाला. ही बेटे उत्तर अटलांटिक समुद्रात, डेन्मार्कच्या ताब्यात. हिवाळ्यात तिथं दिवस जेमतेम काही तासांचा. डेन्मार्कच्या शाळेत नील्सचे जमले नाही, तेव्हा त्याला आइसलँडला वडिलांच्या जुन्या शाळेत घातले. तिथंही 15 जणांत नंबर 11 वा!

1882 मध्ये तो कोपनहेगनला डॉक्टरी शिकायला गेला. वर्षभरातच आजार जडला. यकृत, हृदय बिघडत गेले, पोटात पाणी होऊ लागले. खोली उत्तरेकडे तोंड असलेली, ऊन येत नसे. उन्हात बसलं की मात्र बरं वाटायचं. असं का? एकदा त्याने पाहिले, मांजर उन्हात पडली होती. सावली आली की ती उठून पुन्हा उन्हात जाई. आपण सगळ्यांनीच असे मांजर पाहिले असेल, पण त्याला त्यातून प्रश्न पडला.

1890 मध्ये फिन्सेन डॉक्टर झाले. 1893 मध्ये शिकवण्याची नोकरी सोडून ते पूर्णवेळ प्रकाशाचा अभ्यास करू लागले. त्या काळी त्वचेच्या क्षयरोगाने माणसांचे नाक-गाल झडत. असा रुग्ण घराबाहेर पडायला लाजे. फिन्सेन यांनी प्रखर कार्बन आर्क दिवा घेतला. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून भिंगे क्वार्ट्झ स्फटिकाची केली. कातडी भाजू नये म्हणून मध्ये पाणी खेळवले. रक्त किरण शोषून घेते, म्हणून कातडी दाबून तिथलं रक्त बाजूला सारले. किती बारीक विचार, पहा! 1895 मध्ये पहिला रुग्ण सुधारला, 1896 मध्ये संस्था उभी राहिली. पहिल्या पाच-सहा वर्षांत सुमारे 800 रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतले बहुतेक बरे झाले. बरे न झालेल्यांचीही नोंद ठेवली होती, बरं का!

1903 चे नोबेल मिळाले तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते. बक्षिसातला मोठा हिस्सा त्यांनी संस्थेला दिला. त्यांच्या स्वतःच्या आजारावर मात्र प्रकाशाचा इलाज चालला नाही. तरी ते रोजचं खाणंपिणं मोजून त्या आजाराचाही अभ्यास करत राहिले. 24 सप्टेंबर 1904 रोजी, अवघ्या 43 व्या वर्षी ते गेले.

पुढे क्षयावर औषधे आली आणि ते दिवे मागे पडले. प्रकाश मात्र दवाखान्यात राहिला. नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 1960 मध्ये लेसर आला. आता दुखणे, जखमा यांसाठी मंद लेसरचा उपचार मूळ औषधांच्या जोडीला दिला जातो. जोडीला, औषधांच्या जागी नाही! काही तक्रारींत त्याचा उपयोग दिसतो, काहींत पुरावा अपुरा आहे.

म्हणून सगळे रोग लेसरने बरे, अशी जाहिरात दिसली की फिन्सेन यांच्यासारखे प्रश्न विचारा. कोणता प्रकाश? किती वेळ? कोणत्या आजारावर? किती जण बरे झाले आणि किती नाही? डॉक्टरांना न विचारता चालू औषध बंद करू नका.

वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा मुलांना मांजरीचा प्रसंग जरूर सांगा. आणि सर्वांत मागच्या बाकावरून एखादा प्रश्न आला, तर त्या मुलाचा नंबर कितवा आहे ते आठवू नका. आधी प्रश्न ऐका.