२० मार्चचा आणखी एक धडा

दरवर्षी २० मार्चला आंबेनळी घाटाखालची आम्ही मंडळी महाडला चवदार तळ्यावर जातो आणि बाबासाहेबांच्या १९२७ च्या मुक्तिसंगराला अभिवादन करतो. याच तारखेला, १९७० साली, आदिवासींच्या स्वशासनासाठी झुंजलेला एक नेता दिल्लीत निवर्तला. त्यांचे नाव जयपालसिंग मुंडा. आपल्या चळवळीत हे नाव फारसे घेतले जात नाही, याची आम्हाला खंत वाटते.

३ जानेवारी १९०३ रोजी, म्हणजे सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी, रांचीच्या मुलखातील टकरा गावी मुंडा आदिवासींच्या घरात ते जन्मले. मिशनरी शाळेतून ते ऑक्सफर्डला पोहोचले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे ते कप्तान होते. त्या खेळासाठी त्यांनी आय.सी.एस.च्या नोकरीवर पाणी सोडले. पुढे साहेबी थाटात जगता आले असते. पण १९३९ मध्ये त्यांनी आदिवासी महासभेचे अध्यक्षपद स्वीकारले. लोक त्यांना मरांग गोमके, म्हणजे थोर नेता, म्हणू लागले.

संविधान सभेत त्यांनी 'अनुसूचित जमाती'ऐवजी 'आदिवासी' शब्दाचा आग्रह धरला. कायद्यात नेमका अर्थ असलेला शब्द हवा, म्हणून बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. हा मतभेद झाकण्याचे कारण नाही. दोघांनाही वंचितांचे हक्क घटनेत पक्के करायचे होते.

१९५० मध्ये झारखंड पक्ष उभा राहिला. बिहार, बंगाल, ओरिसा आणि मध्य प्रदेशातील आदिवासी मुलूख जोडून स्वतंत्र राज्य द्या, ही त्याची मागणी. १९५२ च्या निवडणुकीत तिसाहून अधिक जागा जिंकून तो बिहार विधानसभेत प्रमुख विरोधी पक्ष झाला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने मागणी फेटाळली. १९६२ मध्ये जागा घटल्या आणि १९६३ मध्ये जयपालसिंगांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. काही काळ मंत्रिपद मिळाले, राज्य मिळाले नाही. ते आले १५ नोव्हेंबर २००० रोजी, पुढच्या पिढ्यांच्या लढ्यातून, आणि तेही फक्त बिहारच्या भागातून.

त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार आम्हाला नाही. रिपब्लिकन पक्षाची शकले आम्हीही पाहिली आहेत. पण सत्तेच्या घरात शिरताना संघटना बाहेर सोडली, की मागणीही बाहेरच राहते, हा धडा दोघांचाही आहे.

आमच्याच मुलखाचे पाहा. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. म्हणून १९९६ चा पेसा कायदा इथल्या कातकरीवाड्यांना लागू नाही. उरतो २००६ चा वनहक्क कायदा. त्याचा दावा ग्रामसभेतून पुढे जातो, आणि सभा भरते तेव्हा कातकरी कुटुंब बहुधा वीटभट्टीवर असते. कायदा आहे, पण त्याच्यापर्यंत तो नेणारी त्याची स्वतःची संघटना नाही.

म्हणून येत्या २० मार्चला चवदार तळ्यावर येताना शेजारच्या कातकरीवाडीलाही सोबत घ्या. त्यांच्या वतीने बोलण्यासाठी नव्हे, तर ते बोलतील तेव्हा पाठीशी उभे राहण्यासाठी.

जयभीम! जोहार!