आडनावं परकी, पदक देशाचं

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि हिरवं मैदान येतं. कॅनडातल्या माणसाला दिसतो बर्फ, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. या बर्फावरच्या हॉकीचं ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक 1920 साली विनिपेग फाल्कन्स या हौशी संघाने जिंकलं. त्याचा कप्तान होता फ्रँक फ्रेडरिकसन.

फ्रँकचा जन्म विनिपेगचा, 1895 सालचा. आईवडील आइसलँडहून आलेले. इंग्रजी तो शाळेत गेल्यावर शिकला. फाल्कन्समधली जवळजवळ सगळी पोरं अशाच घरांतली. शहरातले बडे संघ त्यांना आपल्यात खेळू देत नसत. खेळ कमी होता म्हणून नव्हे, आडनावं परकी होती म्हणून! आडनाव विचारून माणूस जोखण्याची कला आपल्यालाही काही नवी नाही म्हणा.

पहिलं महायुद्ध आलं आणि हीच पोरं सैन्यात गेली. फ्रँक पुढे वैमानिक झाला. 1918 साली भूमध्य समुद्रात त्याचं जहाज पाणतीराने बुडालं. जपानी विनाशिकेने त्याला उचललं, तेव्हा जवळ फक्त त्याचं लाडकं व्हायोलिन होतं, असं सांगतात. संघातले थोर्स्टाइन्सन आणि कंबर्स मात्र परत आलेच नाहीत.

रणांगणावरून आलेल्यांनाही शहराच्या स्पर्धेचं दार बंदच राहिलं. मग त्यांनी ब्रँडन आणि सेल्कर्क इथल्या संघांबरोबर वेगळी स्पर्धा मांडली, ती जिंकली आणि दार लावणाऱ्यांच्याच विजेत्या संघाला लोळवलं. टोरंटो विद्यापीठाला हरवून अ‍ॅलन कपही घेतला. तिथून थेट बेल्जियममधल्या अँटवर्पला. कपडे आणायला घरी जाण्याइतकीही सवड नव्हती. तिथे तीन सामन्यांत 29 गोल केले, खाल्ला फक्त एक. त्यांतले 12 एकट्या फ्रँकचे. मग विनिपेगने त्यांची मिरवणूक काढली!

फ्रँकने त्याच वर्षी आइसलँडच्या आकाशात विमान उडवलं. पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला, 1925 साली व्हिक्टोरियाच्या संघातून स्टॅन्ले कप जिंकला. नंतर प्रिन्स्टन विद्यापीठात त्याने हॉकी शिकवली. तिथे शेजारी कोण, तर आइनस्टाइन, तोही व्हायोलिन वाजवणारा. 1979 साली फ्रँक गेला. फाल्कन्सचा संघ तर कधीच मोडला होता. पण 2004 च्या विश्वचषकाच्या वेळी कॅनडाच्या खेळाडूंनी त्याच जुन्या पिवळ्या-काळ्या धाटणीचा गणवेश अंगावर चढवला.