तांब्याच्या बळावरचे राज्य

३० जून १९६० रोजी काँगो बेल्जियमच्या जोखडातून मुक्त झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी त्याचा सर्वांत संपन्न प्रांत, कटांगा, स्वतंत्र झाल्याची घोषणा मोईझ त्शोंबे यांनी केली. धनिक व्यापाऱ्याच्या घरी १९१९ साली जन्मलेल्या त्शोंबे यांना स्वतःच्या धंद्यात यश लाभले नव्हते; परंतु राजकारणात त्यांच्या हाती आलेले भांडवल कोणत्याही नवोदित राष्ट्राच्या नेत्याला हेवा वाटावा असे होते.

हे भांडवल म्हणजे तांबे आणि कोबाल्ट. युनियन मिनियर ही खाणकंपनी मध्यवर्ती सरकारला द्यावयाचे कर त्शोंबे यांच्या तिजोरीत भरू लागली. त्यांतून गोरे भाडोत्री सैनिक पोसले गेले. ज्या राज्यकर्त्याला प्रजेकडून कर घ्यावा लागतो, त्याला तिची मर्जीही राखावी लागते. ज्याचा खजिना एकाच कंपनीच्या पैशाने भरतो, त्याला ती गरज उरत नाही. उत्तर कटांगातील बालुबा जनतेने फुटीरतेला विरोध केला, तेव्हा तिची मनधरणी झाली नाही. तिच्या गावांवर सशस्त्र पथके धाडण्यात आली. दुसरीकडे, देशाच्या महसुलाचा मोठा वाटा कटांगातूनच येत असल्याने मध्यवर्ती सरकारलाही माघार परवडणारी नव्हती.

पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना जानेवारी १९६१ मध्ये कटांगात नेऊन ठार करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात किटोना येथे त्शोंबे यांनी ऐक्याचा करार केला खरा. पण खाणी हाती असेतोवर तो पाळण्याची निकड त्यांना भासली नाही. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतील आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना एलिझाबेथव्हिल येथे वीरमरण आले.

जानेवारी १९६३ मध्ये फुटीर राज्य लयास गेले. दैवगती अशी की, १९६४ साली त्शोंबे त्याच अखंड काँगोचे पंतप्रधान झाले. १९६५ मध्ये ते पद गेले. १९६७ मध्ये त्यांचे विमान पळवून अल्जीरियात नेण्यात आले आणि १९६९ साली तेथेच स्थानबद्धतेत त्यांचा अंत झाला.

मोबुटू यांनी पुढे खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. मालक बदलला, पण राज्यकर्त्याला जनतेपुढे हिशेब द्यावा लागेल, अशी व्यवस्था आली नाही. खनिज संपत्ती स्वतः युद्ध पेटवीत नाही. मात्र जनतेच्या संमतीवाचून ते लढवीत राहण्याची सोय करून देते. त्शोंबे यांच्या चरित्राचा अर्थशास्त्रीय बोध तो हाच.