एका पंगतीसाठी सतरा वर्षे

मेरी आणि तिच्या कोकराचे इंग्रजी बालगीत मराठी घरांतील मुलांनाही पाठ असते. १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गीताच्या कवयित्री सारा जोसेफा हेल यांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेतील ‘थँक्सगिव्हिंग’ हा कृतज्ञतेचा सण राष्ट्रीय झाला, तो प्रामुख्याने त्यांच्याच चिकाटीमुळे.

सारा यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरमधील न्यूपोर्ट येथे झाला. मुलींना महाविद्यालयाची दारे बंद असलेल्या त्या काळात भावाच्या पुस्तकांवर त्यांचे शिक्षण झाले. १८२२ मध्ये वकील असलेले पती डेव्हिड हेल यांचे निधन झाले. पदरी पाच मुले होती. उदरनिर्वाहासाठी सारा यांनी लेखणी हाती घेतली. अंगावरचा काळा पोशाख मात्र अखेरपर्यंत उतरवला नाही.

१८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत त्यांनी या सणाच्या जेवणाचे सविस्तर वर्णन केले. टेबलाच्या अग्रभागी भाजलेली टर्की, भोवती मांसाचे नाना प्रकार आणि लाल भोपळ्याचे गोड पक्वान्न असा तो थाट. तेव्हा हा सण मुख्यत्वे न्यू इंग्लंडच्या राज्यांपुरता होता आणि प्रत्येक गव्हर्नर आपापली तारीख ठरवी. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये देशभरासाठी असा दिवस जाहीर केला होता, पण ती प्रथा पुढे टिकली नाही.

१८३७ पासून सारा फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज् लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादक होत्या. १८६० च्या सुमारास त्याचा खप दीड लाखांवर गेला होता. १८४६ पासून त्यांनी अग्रलेखांतून एकच मागणी लावून धरली: सर्व राज्यांनी एकाच दिवशी आभार मानावेत, एकाच दिवशी जेवावे. गव्हर्नरांना आणि एकापाठोपाठ एक राष्ट्राध्यक्षांना त्या पत्रे लिहीत राहिल्या. त्यांना स्वतःला मतदानाचा अधिकार नव्हता. आश्चर्य असे की, स्त्रियांना तो मिळावा असेही त्यांना वाटत नव्हते.

देश गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटत होता आणि मासिकाचे मालक लुई गोडी राजकारणाला थारा देत नव्हते. जेवणाचे टेबल हे दुभंगणारी राज्ये जोडील, अशी सारा यांची श्रद्धा होती. ती भाबडी ठरली. या दिवशी उत्तरेतील चर्चमधून गुलामगिरीविरोधी प्रवचने होत, त्यामुळे दक्षिणेला सणाचाच संशय येई. १८५६ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी तो जाहीर करण्यास साफ नकार दिला. खुद्द सारा गुलामगिरीच्या विरोधात होत्या, पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत जावे, हे त्यांचे मत होते. त्यांच्या पंगतीत सर्वांना पाट मांडलेला नव्हता, हे नोंदवायलाच हवे.

अखेर यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांनी अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, घोषणा निघाली. मसुदा परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांचा होता. २६ नोव्हेंबरला सण झाला तेव्हा गेटिसबर्गच्या लढाईला पाच महिनेही उलटले नव्हते. अनेक घरांतील एक तरी खुर्ची रिकामी असावी.

पुढे दक्षिणेनेही हा दिवस हळूहळू स्वीकारला. कोणत्याही एका पंथाशी बांधलेला नसल्याने तो ज्यू कुटुंबांनी आणि नव्या स्थलांतरितांनीही आपला मानला. मूळ अमेरिकी रहिवाशांपैकी अनेकांच्या मनात मात्र हरवलेल्या भूमीची सल राहिली. १९७० पासून त्यांच्यातील काही जण याच दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळतात.

सारा वयाच्या ८९ व्या वर्षी, १८७७ मध्ये निवृत्त झाल्या. ३० एप्रिल १८७९ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला, तो १९४१ मध्ये.