बालमनाची शुश्रूषा : ॲनाबाई फ्रॉईड यांचें अल्पचरित्र

ताप आला असतां मुलाचें अंग हातास कढत लागतें, म्हणून आई तत्काळ वैद्याकडे धांव घेते. मनाला झालेली इजा मात्र हातास लागत नाहीं. ती अंथरूण ओलें करणें, नखें कुरतडणें, अबोला धरणें, लहानसहान चोऱ्या करणें अशा रूपांनीं बाहेर पडते, आणि बहुधा औषधाऐवजीं छडीस पात्र होते. अशा मुलांजवळ बसून त्यांचें दुःख समजून घेण्याचें शास्त्र ज्या थोड्या व्यक्तींनीं घडविलें, त्यांत ॲनाबाई फ्रॉईड यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांस, आणि विशेषतः पालकांस, सादर करीत आहों.

ॲनाबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८९५ रोजीं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथें झाला. मनोविश्लेषणाचे जनक डॉ. सिग्मंड फ्रॉईड यांच्या सहा अपत्यांतील त्या शेंडेफळ होत. त्या डॉक्टर झाल्या नाहींत. तरुणपणीं त्या शाळेंत मुलांस शिकवीत असत, आणि आमच्या मतें हीच त्यांची खरी पूर्वतयारी होय. १९२० सालीं त्यांनीं शाळा सोडली व पित्याच्या शास्त्राकडे त्या वळल्या. त्यांच्या मनाचें विश्लेषण खुद्द पित्यानेंच केलें. आज ही गोष्ट कोणीहि तज्ज्ञ गैर मानील, परंतु तेव्हां शास्त्रच बाल्यावस्थेंत होतें.

मोठा मनुष्य आपलें दुखणें ओळखून आपण होऊन उपचारास येतो. मूल येत नाहीं. त्याला आणलें जातें. आपणांस कांहीं झालें आहे हेंच त्याला कबूल नसतें. म्हणून ॲनाबाई प्रथम त्याचा विश्वास संपादन करीत. एका मुलासाठीं त्या टंकयंत्रावर पत्रें लिहीत आणि त्याच्या मनोराज्यांतील गोष्टी उतरून घेत. एका मुलीच्या बाहुल्यांसाठीं त्यांनीं झबलीं विणलीं. विश्वास बसला म्हणजे मुलाचीं स्वप्नें, चित्रें व मनोराज्यें यांच्या वाटेनें त्या त्याच्या भीतीपर्यंत पोंचत. ही पद्धति त्यांनीं १९२७ सालीं ग्रंथरूपानें मांडली. त्याच सुमारास मेलानी क्लाईन ह्या विदुषीनें लंडन येथें निराळें मत प्रतिपादिलें. मुलाचा खेळ हीच त्याची भाषा, तेव्हां तिचाच अर्थ लावावा, असें त्यांचें म्हणणें. प्रत्येक खेळांत गूढ अर्थ शोधणें ॲनाबाईंस मान्य नव्हतें. हा वाद पुढें कित्येक वर्षें चालला व कडूहि झाला. तथापि आजच्या क्रीडोपचारावर दोघींचाहि ठसा आहे.

१९३७ सालीं ॲनाबाईंनीं व्हिएन्नांतील गरिबांच्या तान्ह्या मुलांसाठीं एक बालगृह काढलें. त्याच सालीं आपल्या मुंबईंतहि सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें मनाच्या अडचणींत सांपडलेल्या मुलांसाठीं बालमार्गदर्शन केंद्र उघडलें. भारतांतील हें अशा प्रकारचें पहिलें केंद्र मानलें जातें. नागपाड्यांत सेवाकार्य करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्या विद्यालयाचे पहिले संचालक होते.

व्हिएन्नांतील कार्य मात्र लवकरच खुंटलें. मार्च १९३८ मध्यें जर्मनांनीं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. फ्रॉईड कुटुंब ज्यू. ॲनाबाईंस गेस्टापो पोलिसांनीं चौकशीस नेलें, त्या सायंकाळीं सुखरूप परतल्या, आणि जूनमध्यें वृद्ध पित्यास घेऊन लंडनास गेल्या. पुढील वर्षीं सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें व त्याच महिन्यांत पिता निवर्तला.

लंडनवर बाँब पडूं लागले. ॲनाबाई व त्यांची सहकारिणी डोरोथी बर्लिंगहॅम यांनीं अमेरिकेंतून आलेल्या द्रव्यसाहाय्यावर निराश्रित बालकांसाठीं हॅम्पस्टेड भागांत बालगृहें चालविलीं. तेथें सुमारें ८० मुलें राहत. त्यांत साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे वडील मारले गेले होते, पण तो तें मान्यच करीना. तो कागदाचीं घरें मांडी आणि त्यांवर गोट्यांचे बाँब टाकी. मात्र त्याच्या खेळांत माणसें प्रत्येक वेळीं वांचत आणि पडलेलीं घरें पुनः उभीं राहत. असे कित्येक महिने गेले. शेवटीं वडील मेले ही गोष्ट तो स्वतःच्या तोंडानें सांगूं शकला, तेव्हां तो खेळ थांबला. त्याला कोणीं दटावून खरें बोलावयास लाविलें नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

तेथेंच ॲनाबाईंस दुसरी एक गोष्ट दिसून आली. आईजवळ राहून बाँबवर्षाव सोसणाऱ्या मुलांपेक्षां, सुरक्षित पण परक्या घरीं एकटीं धाडलेलीं मुलें पुष्कळदां अधिक खचत. म्हणून बालगृहांत आईबापांस केव्हांहि येण्याची मोकळीक होती. पुढें चारचार-पांचपांच मुलांचें एकेक कुटुंब करून प्रत्येकास एक आई नेमून दिली. आरंभीं हेवेदावे व रडारड वाढली; परंतु थोड्याच आठवड्यांत मुलांचें बोलणें सुधारलें, स्वच्छतेच्या संवयीहि लागल्या. आमच्या मराठवाड्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानें किती मुलें एका पहांटेंत पोरकीं केलीं, हें भोकरच्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. त्यांतील पुष्कळांस भारतीय जैन संघटनेनें पुण्यास नेऊन शिकविलें. पोटास अन्न व डोक्यावर छप्पर मिळाल्यावरहि अशा मुलास आपलें म्हणावें असें एक ठराविक माणूस लागतें, हा हॅम्पस्टेडचा अनुभव.

१९४५ सालीं छळछावणींतून सुटलेलीं सहा ज्यू बालकें ॲनाबाईंच्या देखरेखीखालीं ससेक्समधील एका खेड्यांत आलीं. त्यांचीं वयें तीन-चार वर्षांचीं. आईबाप त्यांना आठवतहि नव्हते. त्यांनीं खेळणीं मोडलीं, सामानाची नासधूस केली, मोठ्या माणसांस चावे घेतले, त्यांच्यावर थुंकलीं. परंतु एकमेकांवांचून तीं क्षणभर राहत नसत, आणि खाऊ वाटतांना स्वतःआधीं दुसऱ्यास मिळाला कीं नाहीं हें पाहत. छावणींत त्यांना एकमेकांवांचून कोणीच नव्हतें. सांभाळणाऱ्या भगिनींनीं त्या मैत्रीस धक्का न लावतां हळूहळू त्यांच्याशीं स्नेह जोडला, आणि सहाहि मुलें वर्षभरांत इंग्रजी बोलूं लागलीं.

१९५२ सालीं ॲनाबाईंनीं लंडनमध्यें बालोपचाराचें चिकित्सालय स्थापिलें. सर्वांस एकच औषध त्यांना मान्य नव्हतें. कोणास दीर्घ विश्लेषण, कोणास अभ्यासांत साहाय्य, तर कोठें आईबापांसच सल्ला देऊन काम भागे. कुमारवयांतील खळबळ ही बहुतांशीं वाढीचाच भाग, असेंहि त्या सांगत. पोर एकाएकीं उलट बोलूं लागलें म्हणून घाबरणाऱ्या पालकांनीं हें जरूर वाचावें. आज कुटुंबास एकत्र बसवून करावयाचा उपचार, समवयस्कांचा गट, भीतीचे विचार तपासून पाहण्यास शिकविणारा उपचार अशा आणखी वाटा उपलब्ध आहेत. त्यांतील कोणती घ्यावी हें मूल पाहूनच ठरतें.

९ ऑक्टोबर १९८२ रोजीं ॲनाबाई लंडन येथें निवर्तल्या. त्या अविवाहित होत्या. त्यांचें राहतें घर १९८६ पासून संग्रहालय झालें असून त्यांचा विणकामाचा माग तेथें ठेविलेला आहे.