मनोहरजी दिवाण: डॉक्टर नसलेला कुष्ठसेवक

कुष्ठरोग झालेल्याला घरचेच गावाबाहेर ठेवत, त्या काळातली ही गोष्ट. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण काही डॉक्टर नव्हते. तरी १९३६ साली त्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. हे काम तेव्हा बहुतेक मिशनरीच करत. गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत दिवाणांची नावानिशी दखल घेतली.

पुढं गोळ्या आल्या. २००५ च्या अखेरीस देशात कुष्ठरोगाचं प्रमाण १० हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आलं. पण गोळी आपोआप रुग्णापर्यंत पोचत नाही; दारोदार फिरून रुग्ण शोधले ते डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनीच. आज आशाताई तेच करतात. त्यांनी बधिर चट्ट्याबद्दल विचारलं, तर लपवू नका. औषध फुकट मिळतं, रोग पूर्ण बरा होतो.